बोटॉक्स करायचंय? मग सुईखाली बसायच्या आधी हे सगळं बघून घ्या

आधी आरशासमोर उभं राहा. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली नको. भुवया वर उचला, कपाळावर आडव्या रेषा पडतील. मग ऊन डोळ्यावर आल्यावर करतो तशा भुवया जवळ आणा, मधे उभ्या आठ्या पडतील, आणि मग मनापासून हसा म्हणजे डोळ्यांच्या बाहेरच्या कडेला रेषा दिसतील. आता चेहरा एकदम सैल सोडा आणि काय उरलंय ते बघा. जे गायब झालं ते स्नायू आक्रसल्यामुळे पडत होतं, बोटॉक्सचं खरं काम तिथंच. जे सैल सोडल्यावरही तसंच दिसतंय ते कातडीत बसलंय, वर्षानुवर्षं घडी घालून कपाटात ठेवलेल्या रेशमी साडीची मोड असते ना, साडी उलगडली तरी मोड लगेच जात नाही, तसं. तिथंही फरक पडतो पण पहिल्याच वेळी रेष पुसून जाईल अशी आशा धरू नका, दोन-तीन वेळा केल्यावर ती हळूहळू उथळ होते आणि थोडी उरतेच.

मी पुण्यात एका स्किन क्लिनिकमध्ये डॉक्टरांच्या हाताखाली बरीच वर्षं काम करतेय. सुई मी टोचत नाही, ते डॉक्टरांचं काम, पण ट्रे घेऊन पेशंटच्या उशाशी मीच उभी असते आणि "अहो ताई, खरंच करू का हो?" हा प्रश्न डॉक्टरांच्या आधी मलाच विचारला जातो. आणि दुसरीकडे कुठंतरी स्वस्तात करून बिघडल्यावर रडत येणाऱ्या बायकाही मीच आधी बघते. म्हणून हे लिहितेय. ह्या सगळ्या प्रकारात दोनच गोष्टींवर सगळं ठरतं, सुई कुणाच्या हातात आहे आणि सिरिंजमध्ये नक्की काय आहे. बाकीचं क्लिनिकचं इंटिरियर, ऑफर, इन्स्टावरचे आधीचे-नंतरचे फोटो, ह्याला काही अर्थ नाही.

थोडक्यात काम कसं करतं ते सांगते कारण ते कळलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि त्यामुळे स्नायू आक्रसतो. बोटॉक्स, म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन, ते रसायन सुटूच देत नाही, मग तेवढा स्नायू ढिला पडतो, आणि स्नायू ओढत नाही म्हणून वरची कातडी दुमडत नाही. बस. कातडी ताणली जात नाही, गाल भरत नाहीत, डाग जात नाहीत, डोळ्याखालचं काळं जात नाही. मज्जातंतूचं टोक काही महिन्यांत परत कामाला लागतं, म्हणून साधारण तीन ते चार महिन्यांनी हालचाल आणि रेषा दोन्ही परत येतात. बंद केलं तर आधीपेक्षा जास्त सुरकुत्या पडतात ही भीती बऱ्याच जणींना असते, तसं होत नाही, होतं तिथंच परत येता.

हो, हे मुळात विषच आहे, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचं, आणि जगातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक. ते लपवून काही फायदा नाही. पण औषध म्हणून वापरतात ते अतिशय बारीक मोजलेलं, आणि वापर सुरू झाला तो सौंदर्यासाठी नाहीच. ॲलन स्कॉट नावाच्या अमेरिकन डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते तिरळेपणासाठी वापरून बघितलं, १९८९ मध्ये एफडीएनं, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी खात्यानं, तिरळेपणा आणि पापण्या आपोआप गच्च मिटण्याचा आजार ह्यासाठी त्याला मान्यता दिली. कॅनडात व्हँकुव्हरला जीन कॅरुथर्स ह्या डोळ्यांच्या डॉक्टर आणि त्यांचे नवरे ॲलिस्टर हे स्किनचे डॉक्टर, पापण्यांसाठी इंजेक्शन घेणाऱ्या पेशंटच्या आठ्या पण गेल्यात हे जीनबाईंच्या लक्षात आलं आणि मग दोघांनी मिळून त्यावर काम करून १९९२ मध्ये पेपर छापला. अमेरिकेत भुवयांमधल्या आठ्यांसाठी मान्यता मिळाली २००२ मध्ये, डोळ्यांच्या कडेसाठी २०१३, कपाळासाठी २०१७. म्हणजे औषध नवीन नाही, चांगलं अभ्यासलेलं आहे, पण अभ्यास झालाय तो चांगल्या हातातल्या चांगल्या औषधाचा.

आता कुणी करू नये. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, किंवा बाळासाठी प्रयत्न चालू असतील तर थांबा, घाई काय आहे. मायस्थेनिया ग्रॅव्हिस किंवा स्नायूंचा, मज्जातंतूंचा कुठलाही आजार असेल तर नाहीच. आधी कधी बोटॉक्सची ॲलर्जी आली असेल तर नाही, आणि गाईच्या दुधातल्या प्रोटीनची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा कारण डिस्पोर्ट नावाच्या ब्रँडमध्ये त्याचा अंश असू शकतो. जेंटामायसिन, अमिकासिन असली अँटिबायोटिक इंजेक्शनं चालू असतील किंवा नुकतीच झाली असतील तर सांगा, त्यांनी परिणाम वाढू शकतो. जिथं टोचायचं तिथं पुरळ, फोड, इन्फेक्शन असेल तर ते बरं होईपर्यंत थांबायचं, आणि इथं एक खास आपल्याकडची गोष्ट, टिकलीच्या गोंदाची ॲलर्जी. बरोब्बर दोन भुवयांच्या मधे लाल खाजरा चट्टा असतो आणि बाई त्यावर पावडर लावून येते, "काही नाही हो, टिकलीचं आहे". डॉक्टर परत पाठवतात. पंधरा दिवस टिकली बंद, क्रीम लावा, मग या. रागावू नका, बरोबर करतात ते.

आणि वय. विशी-बाविशीच्या मुली येतात, चेहरा सैल सोडल्यावर एक रेष नाही, तरी "प्रिव्हेंटिव्ह" करायचंय म्हणतात. माझं स्पष्ट मत, त्या पैशाचं चांगलं सनस्क्रीन घ्या, गॉगल घ्या आणि डोळ्यांचा नंबर तपासून घ्या. नंबर वाढलेला असतो, दिवसभर स्क्रीनकडे डोळे बारीक करून बघत असतात आणि त्याच्या आठ्या पडतात. चष्मा बदलल्यावर निम्मं काम झालेल्या मुली मी बघितल्यात.

डॉक्टर कसा निवडायचा

एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेला स्किनचा डॉक्टर, नाहीतर एमसीएच प्लास्टिक सर्जन. पाटीवर "कॉस्मेटॉलॉजिस्ट", "एस्थेटिक एक्स्पर्ट", "स्किन स्पेशालिस्ट" असलं काहीही लिहिता येतं, त्यामुळे पाटी नाही, डिग्री बघायची. महाराष्ट्रात प्रॅक्टिस करणाऱ्या ॲलोपॅथी डॉक्टरचं महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असतं, नंबर प्रिस्क्रिप्शनवर छापलेला असतो, कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव किंवा नंबर टाकून बघता येतं. दोन मिनिटांचं काम आहे, करा. विचारायला लाजू नका, "डॉक्टर, इंजेक्शन तुम्ही स्वतः देणार का?" हे पण विचारा, कारण काही ठिकाणी तपासतात एक आणि टोचतं दुसरंच कुणीतरी.

पार्लरमध्ये नको, कुणाच्या घरी नको, किटी पार्टीत तर अजिबात नको. एका सोसायटीत बायकांनी मिळून कुणाला तरी बोलावलं होतं, सहा-सात जणींना डायनिंग टेबलाशी बसवून एकामागून एक इंजेक्शनं, ना फोटो, ना फॉर्म, ना कुणाला औषधं विचारली. त्यातली एक काकू नंतर आमच्याकडे आल्या, एक पापणी अर्धी खाली आलेली. काय टोचलं, किती टोचलं, कुठल्या कंपनीचं, काहीच माहिती नाही, फोन केला तर उचलत नाहीत. डॉक्टर तरी काय करणार, कशावर उपचार करायचे तेच कळत नव्हतं. बऱ्या झाल्या काही आठवड्यांनी, पण घरातलं मंगळागौरीचं बोलावणं टाळून बसल्या होत्या बिचाऱ्या आणि मुलालासुद्धा सांगितलं नव्हतं.

आणि ऑनलाइन बाटली मागवून व्हिडिओ बघून स्वतः टोचणारे लोक पण आहेत आता. हे करू नका म्हणजे करू नका. भुवईखाली हाडाची कड असते, तिच्या फार जवळ औषध गेलं तर पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचतं. तिथं एक सेंटिमीटर इकडे-तिकडे हा केवढा फरक आहे ते शिकायला डॉक्टरांना वर्षं लागतात.

पहिल्या भेटीत चांगला डॉक्टर काय करतो ते ओळखायची एक खूण सांगते. तो तुम्हाला बोलतं करतो, हसवतो, चिडायला लावतो आणि तुमचा चेहरा बघत राहतो. डोळे मिटून कपाळ सैल सोडायला सांगतो, मग भुवयांवर बोट धरून डोळे उघडायला सांगतो. का, तर भुवया वर उचलणारा स्नायू कपाळावर एकच आहे, फ्रंटॅलिस. पन्नाशीनंतर बऱ्याच जणींच्या पापण्या थोड्या जड झालेल्या असतात आणि नीट दिसावं म्हणून त्या नकळत दिवसभर भुवया वर धरून असतात, कपाळाच्या आडव्या रेषा त्याच्यामुळेच असतात. अशा कपाळात भरपूर औषध घातलं तर रेषा जातात आणि भुवयाच खाली बसतात, डोळ्यांवर ओझं आल्यासारखं वाटतं, आयलायनर लावायला जागा राहत नाही. त्यांना चांगला डॉक्टर सांगतो की कपाळाला कमी देतो, वरच्या भागातच देतो, किंवा नकोच. जो नाही म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

तुमचं काम काय आहे ते पण सांगा. एक बालवाडीच्या बाई यायच्या, त्यांनी आधीच सांगितलं होतं की मुलांना गोष्ट सांगताना माझ्या भुवया उडाल्या पाहिजेत, मला फक्त मधल्या आठ्या कमी करून द्या, मुलं म्हणतात बाई चिडल्यात. तेवढंच केलं, आणि इतकं छान झालं की घरात कुणाला कळलंही नाही. नाटकात काम करणारे, नृत्य करणारे, शिकवणारे, कीर्तन करणारे, ह्या लोकांनी हे मोकळेपणानं बोलायलाच हवं. पहिल्यांदा कमीच द्या म्हणायचं, वाढवता येतं, काढता येत नाही. फिलरचं, म्हणजे कातडीखाली भरायच्या जेलचं, वेगळं असतं, हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर विरघळवायचं इंजेक्शन असतं, बोटॉक्सला तसलं काही नाही, उतरेपर्यंत थांबायचं. आणि हो, नाकापासून ओठापर्यंतच्या घड्या, गाल बसणं, ह्याला बोटॉक्स नाही, तो फिलरचा विषय, त्याचे धोके पण वेगळे, त्यामुळे "दोन्ही एकत्र करून टाकू, पॅकेज आहे" असं कुणी म्हणालं तर एक-एक करून समजून घ्या.

बाटली, युनिट आणि पैसे

ही जागा नीट वाचा कारण फसवणूक इथंच होते.

बोटॉक्स हे खरं एका कंपनीचं ब्रँडनेम, आपण सगळ्यालाच बोटॉक्स म्हणतो. डिस्पोर्ट, झिओमिन, काही कोरियन, काही भारतात बनणारे असे बरेच ब्रँड आहेत. चांगले आहेत, पण प्रत्येकाचं युनिट, म्हणजे औषध मोजायचं माप, वेगळं. बोटॉक्सचे २० युनिट जिथं लागतात तिथं डिस्पोर्टचे ५० लागतात, म्हणून "तिकडे पन्नास युनिट देतात आणि तुम्ही वीसच" अशी तुलना करू नका, आधी ब्रँड विचारा.

बोटॉक्सच्या लेबलवर भुवयांमधल्या आठ्यांसाठी २० युनिट दिलेत, पाच जागी चार-चार. डोळ्यांच्या कडांना दोन्ही बाजू मिळून २४, कपाळाला २०, आणि कपाळ करायचं तर भुवयांमधलं पण सोबत करायचं असं लेबलच सांगतं, म्हणजे तिन्ही मिळून ६४. प्रत्यक्षात डॉक्टर चेहरा बघून कमी-जास्त करतात, बायकांच्या कपाळाला बऱ्याचदा कमी पुरतं आणि पुरुषांचे स्नायू जाड असल्यानं त्यांना जास्त लागतं. (पुरुष येतात, भरपूर येतात, फक्त सांगत नाहीत कुणाला.)

आता हिशोब करा. अस्सल औषधाला युनिटमागे काहीशे रुपये पडतात, शहर आणि ब्रँडप्रमाणे बदलतं. मग "फुल फेस बोटॉक्स ९९९" ही जाहिरात दिसली तर ९९९ ला नुसत्या ४० युनिटनं भागा, पंचवीस रुपयाला युनिट आलं. ते शक्य नाही. म्हणजे एकतर औषध पाण्यासारखं पातळ केलंय किंवा औषधच दुसरं काहीतरी आहे. "हेअर बोटॉक्स", "बोटॉक्स फेशियल", "बोटॉक्स क्रीम" ह्यांचा तर ह्या औषधाशी संबंधच नाही, हेअर बोटॉक्स ही केसांची कंडिशनिंग ट्रीटमेंट आहे आणि क्रीममधून हा एवढा मोठा रेणू कातडीतून आत जात नाही. शक्यतो युनिटप्रमाणे पैसे घेणारा डॉक्टर बघा, एरियाप्रमाणे घेत असतील तरी युनिट किती ते विचाराच. सौंदर्यासाठी केलेल्या ट्रीटमेंटवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो दरात धरलाय का वरून लागणार ते आधी ठरवा, आणि इन्शुरन्समध्ये हे बसत नाही. आणि वर्षातून दोन-तीनदा करायचं म्हणजे वर्षाचा किती होतो तो आकडा काढून बघा. कर्ज काढून, भिशीचे पैसे घालून करायची ही गोष्ट नाही असं मला मनापासून वाटतं.

बाटली तुमच्यासमोर दाखवायला सांगा. आम्ही न विचारताच दाखवतो. सील, ब्रँड, बॅच नंबर, एक्सपायरी, आणि बाहेरून आलेलं असेल तर आयात करणाऱ्या कंपनीचं नाव-पत्ता आणि इम्पोर्ट लायसन्सचा नंबर लेबलवर हवा. बोटॉक्सची बाटली पहिल्यांदा बघितली की बायका घाबरतात, "अहो, ही तर रिकामी आहे!" रिकामी नसते. तळाशी पांढरट पापुद्रा असतो, नजरेला जेमतेम दिसणारा, तेच औषध. आत हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे सलाइन भरलेल्या सिरिंजची सुई झाकणात घातली की सलाइन आपोआप आत ओढलं जातं, दट्ट्या ढकलावा लागत नाही. नाही ओढलं गेलं तर ती बाटली वापरायची नाही, असं कंपनीच लिहिते. मग डॉक्टर बाटली हलकेच फिरवतात, खळाखळा हलवत नाहीत, आणि पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे. शंभर युनिटच्या बाटलीत अडीच एमएल सलाइन घातलं तर ०.१ एमएलमध्ये चार युनिट येतात, हे गणित माहीत असलेलं बरं, "किती एमएलमध्ये बनवलं?" एवढं विचारलं तरी समोरच्याला कळतं की बाई वाचून आल्यात.

बाटली दोन ते आठ डिग्रीला फ्रीजमध्ये असते, आणि कालवल्यावर चोवीस तासांत वापरायची असं लेबल सांगतं. लेबलप्रमाणे एक बाटली एकाच पेशंटसाठी, पण बरीच क्लिनिकं एकाच दिवशी दोघी-तिघींना बोलवून एक बाटली वाटून देतात. तसं असेल तर निदान कधी उघडली ते विचारा, आणि सिरिंज-सुई तुमची वेगळी, नवीन, तुमच्यासमोर फोडलेली हवीच. नकली माल ही काही आपल्याकडचीच भानगड नाही, अमेरिकेत २०२४ मध्ये नकली आणि नीट न हाताळलेल्या बोटॉक्समुळे ११ राज्यांतल्या २२ जणांना त्रास झाला होता, त्यातले निम्मे हॉस्पिटलात होते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी लायसन्स नसलेल्याकडून किंवा घरात वगैरे टोचून घेतलं होतं.

कधी करायचं

लग्नाच्या आठवड्यात नाही. परिणाम तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दिसायला लागतो, पूर्ण बसायला दोन आठवडे लागतात, मधे काळंनिळं पडू शकतं, डोकं दुखू शकतं, एखादी भुवई वर राहू शकते आणि ती दोन आठवड्यांनी नीट करावी लागते. म्हणून मुलीच्या किंवा मुलाच्या लग्नासाठी करायचं असेल तर हळदीच्या निदान महिनाभर आधी. आणि आयुष्यात पहिल्यांदाच करणार असाल तर लग्नासाठी पहिल्यांदा करूच नका, पाच-सहा महिने आधी एकदा करून बघा, आपला चेहरा कसा वागतो ते कळेल, मग लग्नाच्या वेळी त्याच हाताकडून परत. दरवर्षी तुळशीच्या लग्नानंतर आमच्याकडे फोन सुरू होतात, "परवा साखरपुडा आहे, जमेल का?" नाही जमणार हो. परवासाठी चांगली झोप काढा, तेच खूप.

आदल्या आठवड्याची तयारी फार नाही. फिश ऑइल, व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल, डोकेदुखीच्या ब्रुफेनसारख्या गोळ्या ह्यांनी काळंनिळं जास्त पडतं, डॉक्टरना विचारून थांबवा. पण हार्टसाठी इकोस्प्रिन किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनानं बंद करायची नाही. थोडं निळं पडलेलं परवडलं. आदल्या रात्री दारू नको. आणि उपास असेल त्या दिवशीची वेळ घेऊ नका, चतुर्थीला निर्जळी करून आलेली बाई सुई बघून खुर्चीतच चक्कर येऊन पडताना मी धरलीय. पोहे-बिहे खाऊन या.

त्या दिवशी

चेहरा धुवून, मेकअप काढून बसवतात. आधी फोटो, शांत चेहऱ्याचा, आठ्या घालून आणि हसून, सगळे. फोटो काढत नसतील तर तुम्ही स्वतःच्या फोनवर काढा, दोन आठवड्यांनी आधी कसं होतं ते कुणालाच आठवत नाही. संमतीचा फॉर्म वाचून सही करा. हवं असेल तर सुन्न करायचं क्रीम लावतात, नाहीतर बर्फ पुरतो. मग पांढऱ्या पेन्सिलनं ठिपके, आणि "आठ्या घाला... सोडा... परत घाला" असं चालतं, डॉक्टर अंगठ्यानं भुवईखालची हाडाची कड चाचपून धरतात आणि टोचतात. सुई इन्शुलिनच्या सुईइतकी बारीक. टोचल्याचं कळतं, डोळ्यांत पाणी येतं काही जणींच्या, भुवयांच्या मधे टोचताना आतून बारीक करकर ऐकू आल्यासारखं वाटतं आणि त्यानंच जास्त दचकायला होतं. दहा मिनिटांत आटपतं. बारीक गांधी उठतात त्या अर्ध्या तासात बसतात.

नंतरचे चार तास आडवं व्हायचं नाही, दुपारची झोप त्या दिवशी विसरा. चोळायचं नाही, दाबायचं नाही, तेल मालिश नाही, वाफ नाही, पार्लरचं फेशियल आणि थ्रेडिंग निदान आठवडाभर पुढे ढकला. टिकली त्या दिवशी दाबून लावू नका, टोचलंय तिथंच येते ती. जिम, झुंबा, सूर्यनमस्कार, शीर्षासन दुसऱ्या दिवशीपासून. घरी जाताना स्कूटरनं घट्ट हेल्मेट घालून जाण्यापेक्षा रिक्षा करा (बिनहेल्मेटचं जा असं म्हणत नाहीये मी). डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल चालते.

तिसऱ्या दिवशी फोन करून "काहीच झालं नाही, पैसे गेले" म्हणू नका. एक बाजू आधी बसते, दुसरी मागून येते. चौदा दिवस थांबा आणि मग दाखवायला जाच, सगळं छान वाटत असलं तरी जा. राहिलेलं थोडं तेव्हा भरून देतात, भुवईचं बाहेरचं टोक जास्त वर उडालं असेल तर एखाद-दोन युनिटमध्ये ते खाली येतं. त्या भेटीचे पैसे वेगळे आहेत का ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

पापणी खाली आली तर घाबरू नका पण लपवूनही बसू नका. सहसा पहिल्या दोन आठवड्यांत कळतं, काही आठवड्यांत आपोआप उतरतं, आणि तोपर्यंत पापणी थोडी वर राहावी म्हणून डॉक्टर डोळ्यात घालायचे थेंब देऊ शकतात. चोळून, शेकून ते जात नाही. डोळा कोरडा पडला, नीट मिटत नाही असं वाटलं तरी सांगा.

पण गिळायला त्रास, श्वास लागणं, बोबडं बोलणं, आवाज बसणं, एकाचे दोन दिसणं, हातापायातली ताकद गेल्यासारखी वाटणं, ह्यातलं काहीही झालं, मग ते त्याच दिवशी असो की दोन-तीन आठवड्यांनी, क्लिनिकच्या फोनची वाट बघत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा आणि बोट्युलिनम टॉक्सिन घेतलंय हे पहिल्या वाक्यात सांगा. क्वचित होतं, पण झालं तर वेळ महत्त्वाचा. घरात निदान एकाला तरी माहीत असू द्या की तुम्ही हे करून घेतलंय, ते ह्याच्यासाठी.

परत कधी, तर हालचाल नीट परत आल्यावर, आणि तीन महिन्यांच्या आत नाही. दर महिन्या-दीड महिन्याला थोडं थोडं टोचून घेत राहिलं तर शरीर त्याविरुद्ध अँटीबॉडी बनवण्याची शक्यता वाढते आणि मग औषध लागूच पडत नाही. दरवेळी ब्रँड, बॅच नंबर, एकूण युनिट आणि कुठं किती दिले हे फाइलवर लिहून घ्या, त्या पानाचा फोटो फोनमध्ये ठेवा. उद्या डॉक्टर बदलले, गाव बदललं, मुलीकडे अमेरिकेला सहा महिने राहायला गेलात तर तिथल्या डॉक्टरला तोच कागद दाखवायचा. द्यायला कुणी खळखळ करत असेल तर पुढच्या वेळी दुसरा डॉक्टर बघा.